प्यालेला होता

(सांगलीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं ते लिहिताना घातलंय.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘कवी’ छापलंय आणि खाली बारीक अक्षरात ‘गोदी कामगार’. जो धंदा पोसत नाही तो वर आणि जो पोसतो तो खाली. असू दे. आज कविता वाचणार नाही. खिशात एक कागद आहे, झेरॉक्स. त्याच्यावर बोलणार आहे.

हा पंचनामा आहे. दीड पानाचा. शेवटी दोन पंच. एकाचा अंगठा आहे, एकाची सही. सही माझी आहे.

आमच्या टोळीत एक पोरगा होता. पंचवीस वर्षांचा, माझ्याच गावचा, जत तालुक्यातला, आमच्याच वस्तीतला. नाव घेत नाही, कारण त्याच्या आईची केस चालू आहे. गोदी कुठली, कंत्राटदार कोण, तेही इथं सांगत नाही. ते कोर्टात सांगायचंय. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. जहाजातून लोखंडी पत्र्याच्या कॉइल उतरत होत्या. एकेक कॉइल कित्येक टनांची. आम्ही जहाजाच्या पोटात, खाली. वरनं क्रेनचा हूक येतो, आपण वायरची स्लिंग कॉइलला घालायची, बाजूला व्हायचं, वरच्याला खूण करायची, माल उचलला जातो. त्या रात्री माल उचलला गेला, चार-पाच हात वर गेला आणि स्लिंग तुटली. बास. एवढंच झालं. आवाज मोठा झाला नाही, हे मला अजून खटकतं.

पहाटे पोलीस आले. मुकादम त्यांच्या कानाशी. खुर्ची आली, चहा आला. एकानं लिहायला घेतलं आणि दुसऱ्यानं सांगितलं. माझ्या पुढ्यात कागद आला. मुकादम म्हणाला, “सही कर की. तूच मॅट्रिक झालायस न्हवं?” मी वाचलं. लिहिलं होतं, ‘मयत इसम मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत उचललेल्या मालाखाली गेल्याने’ वगैरे वगैरे. मी सही केली.

आता तुम्ही म्हणाल, खोट्या कागदावर सही केली. तसं असतं तर बरं झालं असतं. दोस्तांनो, तो प्यालेला होता. दुपारी पहिली पाळी सुटली, मुकादमानं दुसरी पाळीही करा म्हणून सांगितलं, मधे दीड तास होता, त्या दीड तासात आम्ही दोघं गेटाबाहेर जाऊन आलो. मीही प्यालेला होतो. मी जिवंत आहे. कागदावरची ओळ खरी होती. त्या ओळीशेजारी ज्या ओळी यायला पाहिजे होत्या त्या कुणी लिहिल्या नाहीत. मीही ‘लिहा’ म्हणालो नाही.

त्या कुठल्या? त्या वायरच्या तारा कितीतरी तुटून बाहेर आलेल्या होत्या. हातमोजा अडकायचा त्यात. स्लिंगवर ती किती भार उचलू शकते याचा बिल्ला पाहिजे, तो नव्हता. उचलण्याच्या सामानाची ठराविक मुदतीनं तपासणी करून दाखला ठेवावा लागतो, तो आम्ही कधी पाहिला नाही. खाली दोन दिवे होते, त्यातला एक बंद. वर खूण करणारा माणूस पाहिजे, त्याला दुसऱ्या हुकावर पाठवलेला. आणि आम्हाला कामावर उभं राहून चौदावा तास चालू होता. यातलं एकही अक्षर पंचनाम्यात नाही. समजा तो प्यालेला नसता. शुद्धीत असलेल्या माणसाचं डोकं काय लोखंडाचं होतं? स्लिंग काय त्याच्या तोंडाचा वास घेऊन तुटली?

तर बोलायचंय ते ह्या एका ओळीवर. ‘प्यालेला होता’ ही ओळ लिहिली की चौकशी तिथंच थांबते. कधी ती ओळ ‘निष्काळजीपणा’ असते, कधी ‘हेल्मेट घातलं नव्हतं’, कधी ‘सांगूनही ऐकलं नाही’. सगळ्या ओळी मेलेल्या माणसापाशी येऊन थांबतात. त्याच्या मागं कुणी जात नाही. मागं गेलं की मुकादम लागतो, मुकादमामागं कंत्राटदार, कंत्राटदारामागं आणखी मोठा. मेलेला माणूस सोयीचा असतो. तो उलट बोलत नाही.

आणि चौकशी कशी करायची हे ह्यांना येत नाही असं समजू नका. येतं. चांगलं येतं.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. लढाईचा काळ. जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८७०० गासड्या. वर सोनंही. दुपारी धूर दिसला आणि चारच्या सुमाराला जहाज फुटलं. शेकडो माणसं मेली. आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले. त्यांची आठवण म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. आपण त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत असतो. एकाच तारखेला शहरात दोन गोष्टी, आणि गोदीत घाम गाळणाऱ्या आमच्या पोरांनाही दुसरी ठाऊक नसते.

ह्या स्फोटाची चौकशी झाली. आता कापसाला आग लागायला काय लागतं? एखादी बिडी. चौकशीवाले म्हणू शकले असते की कुणा हमालानं बिडी टाकली, विषय संपला. पण त्या चौकशीनं काय काय मोजलं बघा. दारूगोळ्याच्या खाली कापूस रचला कुणी? धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा का लावला नाही? स्फोटकं आधी उतरवायची सोडून वेळ का घालवला? आग दिसल्यावर वाफ सोडायची सोय होती, ती का वापरली नाही? बंबाला निरोप उशिरा का गेला? जहाज साहेबाचं, लढाई साहेबाची, नुकसान साहेबाचं. म्हणून प्रश्न बिडीपाशी थांबला नाही. थेट माल रचणाऱ्यापर्यंत, हुकूम देणाऱ्यापर्यंत गेला. मी म्हणतो, आमच्या पोरासाठी तेवढंच करा. जास्त नको. दारूगोळ्याच्या जहाजाला जे पाच प्रश्न विचारले तेच पाच प्रश्न आमच्या एका स्लिंगला विचारा.

त्या दिवशी देशाचे मजूरमंत्री कोण होते? बाबासाहेब. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते ४६ मजूर खातं त्यांच्याकडं होतं. इथनं जवळच, साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला ज्याचं नाव घातलं आणि ज्याला वर्गात वेगळं बसवलं, ते पोर. मजूरमंत्री झाल्यावर डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि कोळशाच्या खाणीत खाली उतरले. मंत्री खाली उतरला. आमच्या इथं जहाजाच्या पोटात लोखंडी शिडीनं वीस-पंचवीस फूट उतरायचं असतं. त्या रात्री पंचनामा करणारा उतरला नाही. वरनं वाकून बॅटरी मारली. आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ करणारा कायदा १९४६ साली बाबासाहेबांच्याच खात्यातनं आला. आणि आम्ही चौदाव्या तासाला उभे. पुतळ्याला हार घालताना हा हिशेब कुणी करत नाही. आपणही करत नाही.

आता जातीवर येतो. काहीजण म्हणतात, अपघाताला जात नसते, मशीन कुणाचाही हात तोडते. बरोबर. मशीनला जात नसते. पण मशीनपाशी कुणाला उभं करायचं हे मशीन ठरवत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यायचा, तो बाटेल म्हणून. तिथं पगार जास्त होता. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं हे उघड बोलून दाखवलं आणि लाल बावट्यावाल्यांना झोंबलं. म्हणजे कामाची वाटणी आधी होते, अपघात नंतर होतो. चौकशी करणारा दुसऱ्यापासून सुरू करतो.

सांगलीचंच उदाहरण घ्या. हरिपूरला हळदीची पेवं आहेत. होती म्हणावं लागेल, २००५ च्या पुरानं पुष्कळ बुडवली. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरनं तोंड बंद. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आतला वारा मेलेला असतो. तोंड उघडं ठेवायचं, वेळ जाऊ द्यायचा, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला की अजून थांबायचं. हे कुठल्या इंजिनिअरनं शिकवलेलं नाही. आपल्या हमालांचं ज्ञान आहे, पिढ्यांचं. म्हणजे बंद खड्ड्यात हवा मारते हे ह्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. मग त्याच शहरांत गटाराचं झाकण उघडलं की काय करतात? माणूस सोडतात. हळदीच्या पेवात आधी कंदील उतरतो, गटारात आधी आमचा भाऊ उतरतो. तो वर आला नाही की दुसरा उतरतो त्याला काढायला, मग तिसरा. पेपरात येतं, ‘तिघांचा गुदमरून मृत्यू’. गटारात कंदीलही सोडायचा नाही, सांगून ठेवतो, तिथला वायू पेट घेतो. तिथं वायू मोजायचं यंत्र लागतं, बाहेरनं हवा लागते, कमरेला दोर लागतो. आणि कायद्यानं तर माणूस उतरवायचाच नाही. २०१३ चा कायदा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं, ३० लाख द्या. दर वाढला. यंत्र आलं नाही.

शाळगावचं बोलतो. हे तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंय. कडेगाव तालुक्यातली औद्योगिक वसाहत. २१ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. एका खताच्या कारखान्यात रिअॅक्टरचा स्फोट होऊन वायू सुटला. तिघं गेले, त्यात दोन बायका. बाकीच्यांना कराडच्या दवाखान्यात हलवलं. कारखाना सांगली जिल्ह्यात, दवाखाना सातारा जिल्ह्यात. जिल्ह्याची हद्द वायूला माहीत नसते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत होतं, वायू अमोनिया असावा असा संशय. मी त्या ‘असावा’ वर अडकलो. चूक कुणाची, ते ठरवायला मी कोण. मला एवढंच विचारायचंय : आत काम करणाऱ्या बाईला, दारावर बसणाऱ्या माणसाला, ह्या टाकीत काय आहे त्याचं नाव कुणी कधी सांगितलं होतं का? हे सुटलं तर कुठल्या बाजूला पळायचं? अमोनिया असेल तर ओलं फडकं नाकाला लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेनं पळायचं असतं. हे वाक्य सांगायला पैसे लागत नाहीत. आमच्या बायकांना कारखान्यात डब्यात भाजी काय आणायची नाही ते सांगतात, टाकीत काय आहे ते सांगत नाहीत.

बरं, हे झालं एका क्षणात मारणाऱ्याचं. सावकाश मारणारं काम त्याहून बेरकी. त्याचा पंचनामाच होत नाही.

तासगावकडं चला. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाच्या काडीवर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून औषध लावतात. पेस्ट म्हणतात. स्पंजनं नाहीतर फडक्यानं एकेक डोळ्याला लावत जायचं. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. हातमोजे द्यायचे असतात, देतात कुठं कुठं, फाटके. आता नीट ऐका, कारण हे मला समजलं तेव्हा माझी झोप उडाली. हे औषध अंगात गेलं असलं आणि त्याच्या आगंमागं माणसानं दारू घेतली, तर शरीराला ती दारू पचवता येत नाही. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलटी, घाम, चक्कर, रक्तदाब खाली. काही दिवस हा धोका राहतो. दारू सोडवायला डॉक्टर गोळ्या देतात, त्यांचं काम असंच चालतं. डब्यावर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, की हे वापरल्यावर दारू पिऊ नका. डबा मालकाच्या शेडमध्ये. गडी संध्याकाळी रोज घेऊन गुत्त्यावर. रात्री कोसळला. सकाळी वस्तीत काय म्हणतात? जास्त झाली काल. डॉक्टर काय लिहितो? दारूचा वास येतो. पुन्हा तीच ओळ, दोस्तांनो. प्यालेला होता. आणि खरीच ओळ. बागेचं नाव कागदावर कुठंच नाही.

दारू पिऊ नका हे मी सांगायला उभा नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बरोबरही असेल. मी म्हणतो, दारूच्या आड काय लपवलंय ते बघा.

दारूसारखीच दुसरी ओळ ‘टीबी होता’. खडी फोडणारे, क्रशरवरचे, फाउंड्रीत वाळू झाडणारे आपले लोक बघा. दगडाची बारीक धूळ, दिसत पण नाही इतकी बारीक, छातीत जाऊन बसते आणि फुप्फुस आतून दगडासारखं होतं. सिलिकोसिस. क्ष-किरणात ठिपके दिसतात, टीबीसारखे. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो. म्हणजे दोन्हीही असू शकतं. मिरजेजवळ वानलेसवाडीला टीबीचा जुना दवाखाना, त्यामुळं आपल्याकडं खोकला म्हणजे टीबी हे डोक्यात बसलेलं. सहा महिने गोळ्या खातो, बरा होत नाही, पुन्हा गोळ्या. कुणी विचारत नाही की बाबा, काम काय करतोस. टीबी झाला तर तो तुझ्या गरिबीचा, तुझ्या अंधाऱ्या खोलीचा. सिलिकोसिस झाला तर तो मालकाचा. म्हणून टीबी लिहिणं सोपं.

काम काय करतोस, हा प्रश्न रोग्याला विचारा असं पहिल्यांदा लिहून ठेवलं इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरनं, १७०० साली. त्याला हे कसं सुचलं माहीत आहे? त्याच्या घराचा संडासाचा खड्डा उपसायला माणूस आला होता. तो जिवाच्या आकांतानं घाईघाईनं उपसत होता. डॉक्टरनं विचारलं, एवढी घाई का? तो म्हणाला, ह्यात जास्त वेळ राहिलं की डोळे जातात. कामाच्या रोगांचं अख्खं शास्त्र मैला उपसणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारून सुरू झालंय. आमच्याकडं मैला उपसणारे हजार वर्षं होते, विचारणारा निघाला नाही. शिवायला नको म्हणून लांब उभा राहिला.

ऊसतोडीच्या बायकांचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. आमच्या जतमधनं, आटपाडीतनं, माणमधनं कोयते निघतात. खाडा झाला की दंड. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. बीड जिल्ह्यातल्या तोडणी बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. ही कुठल्या अपघाताच्या रजिस्टरात येणार? कुठल्या मशीननं केलं हे? कोयता तिच्याच हातात होता.

आता कायदा. मी वकील नाही, मॅट्रिक आहे. पोरगा गेल्यावर वर्षभर गोदीतनं सुटलो की एका वकिलाच्या पायरीवर बसायचो, तिथं हे कळलं. ते तुम्हाला देतो, कारण मला सही करायच्या आधी कुणी दिलं नाही.

१९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा. त्यात लिहिलंय की कामगार प्यालेला असेल, त्यानं मुद्दाम नियम मोडला असेल, मशीनचं कव्हर मुद्दाम काढलं असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण. ह्या ‘पण’ वर आमच्या मावशीची केस उभी आहे. माणूस मेला असेल किंवा कायमचा पूर्ण लुळा झाला असेल, तर ही सबब चालत नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडाचा वास कायद्याला येत नाही. मुकादमाला हे माहीत नव्हतं असं नाही. आम्हाला माहीत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं मावशीला पन्नास हजार दिले, मयताचा खर्च केला आणि गप्प बसायला सांगितलं. कायद्याचा हिशेब असा : महिन्याच्या पगाराचा अर्धा, गुणिले वयाचा आकडा. पगार १५,००० पर्यंतच धरतात. पंचवीस वर्षांच्या माणसाचा आकडा २१६.९१. गुणाकार करा. ७,५०० गुणिले २१६.९१. सोळा लाख सव्वीस हजार आठशे पंचवीस. कुठं पन्नास हजार. एका ओळीची किंमत काढायची असेल तर ही वजाबाकी करा.

आणखी. महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर दंड. कंत्राटदार पळाला तर मूळ मालकावर दावा लावता येतो, तो मग कंत्राटदाराकडनं वसूल करील नाहीतर न करील, ते त्यांचं. अपघात मुंबईत झाला म्हणून मुंबईला खेटे घालायची गरज नाही, घरचे लोक राहतात तिथं दावा लावता येतो. मावशीचा दावा इथं सांगलीत आहे. दोन वर्षांच्या आत लावायचा. आणि सिलिकोसिससारखे रोग कायद्याच्या यादीत आहेत. असला रोगी सापडला की कारखाना खात्याला कळवणं डॉक्टरचं काम आहे, उपकार नाही.

हे सगळे कायदे आता गुंडाळून चार संहिता केल्यात. एक २०१९ ला, तीन २०२० ला पास झाल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. तारीख बघा. शाळगावला बरोबर एक वर्ष. मुद्दाम नसेल केलं, पण बघा. पूर्वी वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाना धरायचे, आता वीस लागतात. कुपवाडच्या गल्लीतलं अकरा पोरांचं वर्कशॉप पूर्वी कारखाना धरलं असतं, आज नाही. पोरांची बोटं तेवढीच आहेत. इन्स्पेक्टरचंही नाव बदललं, इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर. म्हणजे तपासणारा आणि सोय करून देणारा. सोय कुणाची ते विचारू नका. पण त्याच संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्या असंही लिहिलंय. ते मागा. दुसऱ्या दिवशी माणूस मेला तर ‘हा आमचा नव्हताच’ हे पहिलं वाक्य निदान अडतं. मेलेल्याबद्दलची नवी संहितेतली ओळ तीच आहे, ती काढलेली नाही.

साताऱ्याच्या पाटण खोऱ्यातले अण्णासाहेब पाटील मुंबईत हमाली करत उभे राहिले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. पाठीवरनं ओझं वाहणाऱ्याला बोर्ड मिळाला, नोंद मिळाली. ती नोंद हीच सगळी ताकद. पण नोंदलेल्या टोळीत शिरायला अजून पावणा लागतो, आणि आमचे पावणे वस्तीतच राहतात. जो नोंदीत नाही तो मेला तरी कुणाचा कमी होत नाही.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. मोर्चा काढा, मी येईन, खाडा पाडून येईन. पण आपल्यात आता शिकलेली पोरं झालीत. कविता लिहितात. आपल्या कवितेत रक्त फार सांडतं, दोस्तांनो, मीही सांडलंय. ते कुठल्या मशीनवर सांडलं, किती वाजता, कुणी चालू कर म्हणाला, हे आपण लिहीत नाही. ते लिहू या. कुठं हात तुटला, कुणी गुदमरलं, की दोघांनी जायचं, वही घेऊन, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी जागा धुतलेली असते आणि मशीनला नवं कव्हर बसलेलं असतं. फोनमध्ये फोटो काढायचा, माणसाचा नको, मशीनचा, तुटलेल्या दोराचा, बंद दिव्याचा. कितवा तास होता ते विचारायचं. ह्या जागेवर रोज कोण असायचं आणि आज ह्याला का पाठवला ते विचारायचं. आधी असंच थोडक्यात हुकलं होतं का, ते तर आधी विचारायचं. माणूस मरायच्या आधी ते मशीन चार-पाचदा दात दाखवतं, सगळ्या टोळीला माहीत असतं. दवाखान्यात भरती करताना ‘काय झालं’ हे मुकादमाला सांगू देऊ नका. तिथं पहिल्या कागदावर ‘घरी पडला’ असं लिहिलं गेलं की पुढं कोर्टात कपाळ आपटून उपयोग नाही. आणि पंच म्हणून बोलावलं तर जा. जरूर जा. वाचा. राहिलंय ते ‘लिहा’ म्हणा. लिहीत नसतील तर सही करू नका. हे मी सांगतोय, ज्यानं केली.

मावशीला मी हे सांगितलं ते आठ महिन्यांनी. म्हणालो, मावशी, त्या कागदावर माझी सही आहे. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, “वाचून केलीस का न वाचता?” मी म्हणालो, वाचून. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग आता वाचून दाखव.” मी सगळा पंचनामा तिला वाचून दाखवला. तिला शाळा नाही. ‘मद्यप्राशन’ म्हणजे काय, विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, “त्ये हाय खरं. पण वायर कुटं हाय ह्यात?”

दीड पान वाचून मला जे विचारता आलं नव्हतं ते तिनं चुलीपुढं बसून विचारलं.

केस पुढच्या महिन्यात आहे. माझी साक्ष आहे. वकील म्हणतात, समोरचा तुझी सही तुझ्याच तोंडावर मारणार, विचारणार की तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस? मी सांगणार आहे, तेव्हा एक ओळ सांगितली होती, आता उरलेल्या सांगतो, लिहून घ्या. मुकादमाचा निरोप येऊन गेलाय, परत गोदीत पाऊल टाकायचं असेल तर विचार कर म्हणून. रजा मागितलीय, मिळालेली नाही. रात्रीच्या एसटीनं निघणार, सकाळी सांगली स्टँडवर. मावशी जतहून येते म्हणालीय, भाकरी बांधून. कुणाला यायचं असलं तर या. येताना वही आणा.